गोधडी : घरातील उद्योग व शाळेतील पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या शिक्षकांसाठी)

हस्तव्यवसायाचा तास आला की खेड्यातील शिक्षकांपुढे पहिली अडचण उभी राहते ती साहित्याची. रंगीत कागद तालुक्याहून आणावे लागतात, मातीच्या वस्तू पावसाळ्यात वाळत नाहीत, लाकूडकामाची हत्यारे वर्गाला पुरेशी नसतात. अशा वेळी ज्या उद्योगाचे साहित्य बहुतेक घरांत पडून असते, ज्यातील जाणकार व्यक्ती गावात शोधावी लागत नाही आणि ज्याची तयार वस्तू विद्यार्थी रात्री अंगावर घेऊन निजतो, त्या उद्योगाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. हा उद्योग म्हणजे गोधडी शिवणे होय. कोठे तिला वाकळ म्हणतात, तान्ह्या मुलासाठी केलेल्या लहान गोधडीला दुपटे म्हणतात. परंतु काम एकच. जुनी कापडे एकावर एक पसरावयाची आणि धावदोऱ्याने ती एकजीव करावयाची.

लक्ष न जाण्याचे कारण सोपे आहे. गोधडी ही गरिबीची खूण समजली जाते. घरी पाहुणा आला की दुकानातील ब्लँकेट पुढे येते आणि गोधडी आत जाते. हे मूल पाहते आणि न सांगता शिकते. आपल्या आजीने जे केले ते चिंध्यांचे काम, आणि शिकण्याजोगे जे आहे ते पुस्तकात, अशी त्याच्या मनाची वाटणी होते. ही वाटणी मोडणे हा प्रस्तुत पाठाचा मुख्य हेतू आहे. शिवणकाम येणे हा दुसरा हेतू आहे आणि तो पहिल्याच्या मागोमाग साधतो.

१. पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली. तीवरून अभ्यासक्रम तयार करण्याचे काम डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे आले. मूलोद्योग व समवाय हे दोन शब्द प्राथमिक शिक्षकांच्या बोलण्यात रुळले ते त्या योजनेमुळे. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात काम शिकता यावे असे सुचविले आहे. नावे बदलली तरी मूळ विचार टिकून आहे. हाताने काम करताना जे प्रश्न पडतात, त्यांच्या उत्तरांतून गणित, विज्ञान व भाषा शिकवावी, हा तो विचार.

वर्धा योजनेवर त्या काळी एक आक्षेपही घेतला गेला. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन निघावे ही अपेक्षा शाळेला कारखान्याचे रूप देईल, असे टीकाकारांचे म्हणणे होते. गोधडीचा पाठ घेताना ही सूचना ध्यानात ठेवावी. वर्गात तयार झालेले बसकर विकले गेले नाही तरी पाठ यशस्वी होऊ शकतो.

२. गोधडीची ओळख

गोधडीचे तीन भाग असतात: वरचे कापड, खालचे अस्तर आणि मधली भर. वर व खाली बहुधा जुनी सुती लुगडी लावतात. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते आणि अनेक वर्षांच्या धुण्याने ते मऊ झालेले असते. भरीत सदरे, धोतरे, पोलकी, चादरी, फाटके टॉवेल असे काहीही चालते. जे फार विरलेले असेल ते आत आणि जे टिकाऊ व रंगाने बरे असेल ते बाहेर, हा नियम. कोठे वरचे कापड अखंड असते, तर कोठे ते तुकडे जोडून केलेले असते.

काम साधारणतः शेतीची कामे ओसरल्यावर, उन्हाळ्यात होते. ओसरीवर किंवा झाडाच्या सावलीत कापड पसरतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात, आणि दोघी-तिघी चहूबाजूंनी बसून शिवावयास लागतात. नवरात्रापूर्वी घरातील सर्व गोधड्या नदीवर किंवा विहिरीवर धुऊन उन्हात वाळविण्याची रीत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या सामानात भांड्यांबरोबर गोधड्यांचा गठ्ठा असतोच. सहा महिने फडावरील कोपीत घर असे जे काही असते, त्यात तो गठ्ठा मोठा भाग व्यापतो.

ही कला महाराष्ट्रापुरती नाही. बंगालमध्ये तिला कांथा म्हणतात, बिहारमध्ये सुजनी. संस्कृतातील कन्था ह्या शब्दाचा अर्थ ठिगळे जोडून केलेले वस्त्र असाच आहे. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंद नावाच्या गोधड्या शिवतात. ह्या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. त्यांपैकी अनेक पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निसटून त्या रानात वसले. त्यांची गोधडी कडेपासून मध्याकडे शिवत नेतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांना कापडाची घडीव फुले लावतात. फुलांवाचून कवंद उघडी दिसते असे त्या मानतात. नकाशावर ही ठिकाणे दाखविली म्हणजे आपल्या घरातील वस्तूला दूरदूरचे नातेवाईक आहेत हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते.

३. पाठापूर्वीची तयारी

पूर्ण गोधडी वर्गात घेऊ नये. ती संपत नाही आणि मुलांचा उत्साह संपतो. पहिल्या वर्षी प्रत्येकी एक बसकर, ४५ सें. मी. लांबी-रुंदीचे, एवढेच पुरे. त्यास लागणारे साहित्य असे: वरच्या बाजूसाठी सुती कापडाचे नऊ तुकडे, अस्तरासाठी एक कापड, भरीसाठी तीन थर, जाड सुती दोरा, मोठ्या नेढ्याची सुई, मोजपट्टी, खडू, पुठ्ठ्याचा साचा, आणि चार-पाच मुलांत एक कात्री. बोटाला सुई लागू नये म्हणून अंगुस्तान असल्यास उत्तम.

कापड गोळा करण्याची पद्धत फार काळजीने ठरवावी. ‘उद्या घरून कापड आणा’ असे सांगितले की कोणाचे कोरे कापड येते, कोणाचे विटके येते आणि कोणाचे येतच नाही. ज्या घरात जुने लुगडे अजून अंगावर आहे, त्या घरात जुने कापड उरत नसते. ते मूल त्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहते. म्हणून वर्गात एकच मोठी टोपली ठेवावी. गावातील शिंप्याकडे कातरण पडून असते, ते मागून आणावे. ज्यांना शक्य असेल त्यांनी गुपचूप टोपलीत कापड टाकावे आणि सर्वांनी टोपलीतूनच घ्यावे. कोणते कापड कोणाचे, ही चौकशी शिक्षकांनी करू नये. सर्व कापड सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे, मगच ते मुलांच्या हाती द्यावे.

जुन्या कापडात हल्ली सुताबरोबर पॉलिस्टरही बरेच येते. ते सुईखाली सरकते, घाम शोषत नाही आणि अंगाला उबदार असले तरी चिकट वाटते. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी शिक्षकांनी स्वतः प्रत्येकी एक धागा चिमट्यात धरून जाळून दाखवावा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो व त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळून त्याची कठीण गोळी बनते. हा प्रयोग उघड्यावर, पाण्याचे भांडे जवळ ठेवून करावा आणि मुलांच्या हाती देऊ नये.

सुया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात. एक सुई कमी भरली तर ती सापडेपर्यंत कोणीही जागचे उठू नये. सुई तोंडात धरू नये, जमिनीवर ठेवू नये. कापसाच्या गादीत टोचून ठेवावी. गंजलेली सुई वापरू नये.

४. प्रत्यक्ष काम

पहिला दिवस : कापड ओळखणे व कापणे. कापडाला उभा धागा व आडवा धागा असतो. त्यांच्या दिशेने ओढले तर कापड फारसे ताणत नाही. तिरपे ओढले तर ताणते. हे प्रत्येक मुलाने स्वतः ओढून पाहावे. नंतर काठापासून एक धागा ओढून काढावा. त्याच्या जागी जी रेघ उमटते ती सरळ कापण्यासाठी वापरावी. पुठ्ठ्याचा १७ सें. मी. चा चौरस साचा ठेवून नऊ तुकडे कापावेत. चारही बाजूंस १ सें. मी. शिवणीत जाऊन प्रत्येक तुकडा १५ सें. मी. चा दिसतो.

दुसरा व तिसरा दिवस : तुकडे जोडणे. तीन-तीन तुकड्यांच्या तीन पट्ट्या कराव्यात आणि मग पट्ट्या एकमेकींस जोडाव्यात. सुलट बाजूस सुलट बाजू ठेवून कडेपासून १ सें. मी. आत धावदोरा घालावा. पाच-सहा टाक्यांनंतर एक उलटा टाका घेतला म्हणजे शिवण उसवत नाही. सर्व जोड झाल्यावर ४७ सें. मी. चा चौरस तयार होतो. पितळी तांब्यात गरम पाणी घालून शिक्षकांनी शिवणी दाबून बसवाव्यात.

चौथा दिवस : थर लावणे. ४७ सें. मी. चे अस्तर उलट बाजू वर करून पसरावे. त्यावर ४५ सें. मी. चे भरीचे तीन थर मधोमध ठेवावेत, म्हणजे चहूबाजूंस अस्तराची १ सें. मी. कड उरते. ती भरीवर दुमडावी. वरच्या कापडाची कडही तेवढीच आत दुमडून दोन्ही दुमडी एकमेकींवर बसवाव्यात. आता लांब टाक्यांचा कच्चा दोरा घालावा. हा दोरा मध्यापासून कडेकडे न्यावा, म्हणजे सुरकुत्या बाहेर सरकून जातात. ह्या पायरीत घाई केली तर पुढे मध्यभागी कापड फुगून राहते आणि ते कशानेही बसत नाही.

पाचव्या दिवसापासून : पक्का दोरा. हा कडेपासून मध्याकडे न्यावयाचा. कडेपासून अर्धा सें. मी. आत पहिली फेरी, तिच्या आत दीड सें. मी. वर दुसरी, अशा फेऱ्या मध्यापर्यंत न्याव्यात. टाका वरून अर्धा सें. मी. व खालून अर्धा सें. मी. असावा. दोरा एकपदरी ओवावा आणि दीड हाताहून लांब घेऊ नये. लांब दोऱ्यात गुंता होतो. गाठ थरांच्या आत ओढून लपवावी. सुई प्रत्येक टाक्याला अस्तरापर्यंत पोहोचली की नाही हे कापड उलटून पाहण्याची सवय लावावी. शेवटी कच्चा दोरा काढून टाकावा.

५. समवाय

गणित. वर्गाने कापलेल्या नऊ तुकड्यांचे क्षेत्रफळ ९ × १७ × १७, म्हणजे २६०१ चौ. सें. मी. भरते. तयार बसकर मात्र ४५ × ४५, म्हणजे २०२५ चौ. सें. मी. चे. उरलेले ५७६ चौ. सें. मी. कापड कोठे गेले? मुलांनी शिवणी उलटून शोधावे. हेच बसकर नऊ ऐवजी पंचवीस लहान तुकड्यांचे केले, तर प्रत्येक तुकडा ११ सें. मी. चा कापावा लागतो आणि एकूण ३०२५ चौ. सें. मी. कापड लागते, १००० चौ. सें. मी. शिवणीत जाते. लहान तुकडे वापरले म्हणजे काटकसर झाली असे वरवर वाटते. प्रत्यक्षात शिवणीत अधिक कापड व अधिक श्रम जातात. म्हणूनच जाणत्या बाया मोठा तुकडा विनाकारण कापत नाहीत.

फेऱ्यांचे गणित याहून गोड आहे. पहिल्या फेरीच्या चौरसाची बाजू ४४ सें. मी., परिमिती १७६ सें. मी. दुसऱ्या फेरीची बाजू ४१, परिमिती १६४. पुढची १५२. प्रत्येक फेरी मागच्या फेरीहून १२ सें. मी. ने लहान होते, आणि पंधरावी फेरी ८ सें. मी. ची राहते. पहिली व पंधरावी मिळून १८४, दुसरी व चौदावी मिळून १८४, अशा सात जोड्या व मधली ९२ ची एकटी. बेरीज १३८० सें. मी., म्हणजे १३.८ मीटर. दर सेंटिमीटरला एक टाका धरला तर १३८० टाके. मुलाने दहा मिनिटांत ४० टाके घातले, तर संपूर्ण बसकरास ३४५ मिनिटे लागतील. ३५ मिनिटांच्या तासिका किती लागतील, हे त्याने आधी सांगावे आणि मग पडताळून पाहावे. धागा प्रत्यक्षात १३.८ मीटरहून अधिक का लागतो, हा प्रश्न उत्तर न देता फळ्यावर लिहून ठेवावा. थरांतून खालीवर जाणारा दोरा पाहून कोणी ना कोणी उत्तर घेऊन येतो.

विज्ञान. गोधडी ऊब देते असे मुले म्हणतात. हे तपासावे. दोन सारख्या झाकणाच्या भांड्यांत सारखेच गरम पाणी घ्यावे. एक उघडे ठेवावे, दुसरे गोधडीच्या तुकड्यात गुंडाळावे. दर दहा मिनिटांनी उष्णतामापकाची नोंद घ्यावी. गुंडाळलेले पाणी सावकाश निवते. नंतर बर्फाचे दोन सारखे खडे घेऊन हाच प्रयोग करावा. गुंडाळलेला बर्फ उशिरा वितळतो, हे पाहून मुले चकित होतात. गोधडीजवळ स्वतःची ऊब नाही. थरांमध्ये अडकून राहिलेली हवा उष्णतेला सहज जाऊ देत नाही. टाके फार दाट घातले तर हवा दबते, फार विरळ घातले तर भर एकीकडे गोळा होते. म्हणजे टाक्यांमधील अंतर हा दिसण्याचा प्रश्न नसून उबेचा प्रश्न आहे.

इतिहास. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असते. मगधातील बांधबंदिस्त शेते पाहून त्या आकृतीचे चीवर करण्यास भगवान बुद्धांनी आनंदास सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. संत नामदेव शिंपी होते. संत गाडगेबाबांच्या (१८७६-१९५६) अंगावर ठिगळांचे वस्त्र असे, त्यामुळे लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. ठिगळ हे लाजेचे कारण मानणाऱ्या मुलापुढे ही उदाहरणे ठेवावीत. उपदेश जोडू नये.

भाषा. ‘आमच्या घरची एक गोधडी’ हा निबंधाचा विषय द्यावा. हा तुकडा आजोबांच्या सदऱ्याचा, हा आत्याच्या लुगड्याचा, अशी ओळख करून देताना मुले सहज लिहू लागतात. एखाद्या तुकड्याचा धनी आता हयात नसतो. असे लेखन मोठ्याने वाचावयास लावू नये. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ह्या म्हणीचा अर्थ ह्याच पाठात घ्यावा, आणि अंथरूण अपुरे पडल्यास ते वाढविताही येते, हेही सांगावे.

६. हे काम मुलींचेच काय?

शिवणकामाच्या तासाला मुलींनी शिवावे व मुलांनी बाग करावी, अशी वाटणी अनेक शाळांत आपोआप होते. ती होऊ देऊ नये. गावातील शिंपी पुरुष असतो, धान्याच्या पोत्याचे तोंड दाभणाने पुरुषच शिवतो, चपलेचा टाका पुरुषच घालतो. मोबदला मिळतो तेथे सुई पुरुषाच्या हाती शोभते आणि घरातील अंथरुणापुरती ती बायकांची होते, ही विसंगती सातवीच्या मुलांना दाखविली तर ती त्यांना समजते. वर्गातील बसकर प्रत्येकाने शिवावे. गुरुजींनी स्वतः सुई हाती घेतली तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

७. घरचा उद्योग व घरचे काम

ह्या पाठातील सर्वांत मोठा धोका येथे आहे. समजा, पाचवीतील एका मुलीने बसकर अर्धे झालेले असताना घरी नेले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण होऊन आले. टाके सरळ, सारखे, दाट. वर्गातील इतरांचे टाके सशाच्या पावलांसारखे इकडेतिकडे गेलेले. शिक्षकांनी ते वर धरून सर्वांना दाखविले आणि पूर्ण गुण दिले. ह्या एका कृतीने काय घडले ते पाहावे. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करून आलेल्या आईने, भाकऱ्या झाल्यावर, दिव्याखाली बसून शाळेचे काम केले. तिच्या श्रमाचे गुण मुलीला मिळाले. नाव आईचे कोठेच आले नाही. मुलीला कळले की चांगले दिसणे हे करण्याहून मोठे आहे. आणि ज्याच्या आईला वेळ नव्हता, त्या मुलाला आपले वाकडे टाके लपवावेसे वाटले.

येथे मुलीला रागावण्याचे कारण नाही. चूक नियमाची आहे. तेव्हा पहिल्या दिवशीच नियम सांगावा: शिवण घरी न्यावयाची नाही. घरी न्यावयाचे ते प्रश्न. तुझ्या घरातील सर्वांत जुनी गोधडी कोणी शिवली? किती दिवस लागले? तिच्या आत काय आहे? दोरा कोठून आणला? शिवावयास कोणी शिकविले? ह्या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून आणणे हाच घरचा अभ्यास. एखादे काम तरीही घरून पुरे होऊन आलेच, तर आईच्या टाक्यांचे मनापासून कौतुक करावे, तिला वर्गात येण्याचे निमंत्रण द्यावे आणि मुलीला नवीन कापडावर स्वतःची एक फेरी घालावयास द्यावी.

निमंत्रण चिठ्ठीने पाठवू नये. शिक्षकांनी घरी जाऊन बोलावावे. तिचा रोज बुडणार नाही असा दिवस तिलाच विचारून ठरवावा. ती वर्गात आली म्हणजे मुलांबरोबर शिक्षकांनीही खाली सतरंजीवर बसावे, आणि तो तास तिचा असावा. ती मोजपट्टी वापरणार नाही. विती व बोटे वापरील. ह्या पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीहून तिची रीत निराळी असेल. अशा वेळी पुस्तिका मिटून ठेवावी. तिची वीत किती सेंटिमीटर भरते, हे मुलांनी नंतर मोजून घ्यावे. आजवर शाळेच्या कागदावर जिने अंगठा उमटविला असेल, तिला आपल्या नातवाच्या वर्गात शिकविताना पाहणे हे त्या नातवासाठी कोणत्याही धड्याहून मोठे शिक्षण आहे.

८. श्रमाचा हिशोब

पाठाच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका गोधडीवर १० सें. मी. चा चौरस खडूने आखावा आणि त्यातील टाके मोजावेत. समजा, ५० टाके भरले. गोधडी १५० सें. मी. रुंद व २१० सें. मी. लांब असेल तर तीत असे ३१५ चौरस बसतात; म्हणजे १५,७५० टाके. शिवणाऱ्या व्यक्तीचा वेग घड्याळ लावून पाहावा. ती एका वेळी सुईवर चार-पाच टाके भरते, म्हणून तिचा वेग मुलांहून कितीतरी अधिक असतो. मिनिटास २० टाके पडत असतील तर सुमारे १३ तास केवळ टाक्यांचे झाले. कापड धुणे, फाडणे, जोडणे व थर लावणे निराळे.

आता गोधडीची किंमत काढावयास सांगावे. बहुतेक मुले दोऱ्याची किंमत लिहितात, कापडापुढे शून्य लिहितात आणि तेथेच थांबतात. श्रमाचा रकाना रिकामा राहतो. गावात शेतमजुरीचा जो दर चालू असेल तो आठ तासांचा धरून हा रकाना भरावयास लावावा. मग रात्री अंगावर घेतलेल्या वस्तूत किती दिवसांची मजुरी शिवलेली आहे, हे आकड्याने दिसते. महिला बचत गटांनी केलेल्या गोधड्या शहरांतील प्रदर्शनांत विकल्या जातात, तेव्हाही हाच रकाना महत्त्वाचा असतो. जिला स्वतःचे तास मोजता येत नाहीत, तिला व्यापारी दोऱ्याच्या भावाने मोबदला देतो. उद्या ह्या वर्गातील कोणी घरी बसून हा उद्योग करील, तेव्हा तिला किंवा त्याला हा हिशोब येत असावा. घरगुती उद्योगाच्या शिक्षणात टाक्याइतकाच हा धडा आवश्यक आहे.

९. मूल्यमापन

गुण देताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) काम विद्यार्थ्याने स्वतः केले आहे काय?
(२) पहिल्या फेरीपेक्षा शेवटच्या फेरीतील टाके सुधारले आहेत काय?
(३) सुई अस्तरापर्यंत पोहोचली आहे काय?
(४) मोजमाप व नोंदी वहीत आहेत काय?
(५) घरच्या प्रश्नांची उत्तरे लिहिली आहेत काय?

रंगसंगती व सफाई यांस स्वतंत्र गुण ठेवू नयेत. टोपलीत जे कापड आले त्यावर मुलाचा अधिकार नव्हता. चुकलेली फेरी उसवून पुन्हा घातली असेल तर ती चूक म्हणून धरू नये. उसवणे हा शिवण्याचाच भाग आहे.

तयार झालेली बसकरे कपाटात प्रदर्शनासाठी कुलूपबंद करू नयेत. प्रत्येक विद्यार्थ्याने आपले बसकर वर्गात बसावयास घ्यावे. वाकड्या टाक्यांचे असले तरी ते जमिनीच्या गारव्यापासून वाचविते, आणि उसवले तर पुन्हा टाका कसा घालावा हे आता त्याला माहीत आहे. वर्षअखेरीस मूल ते घरी घेऊन जाईल. त्या दिवशी त्याने ते आजीच्या गोधडीशेजारी ठेवून दोहोंचे टाके ताडून पाहिले, तर पाठ पुरा झाला असे शिक्षकांनी समजावे.